नाके बंद, अफवा मोकळ्या

2020 साली होळी 9 मार्चला आली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर होळीला घरी येणे हा नेम आहे. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, खाडीकाठच्या रेतीच्या कामावर गेलेली वारली, कोकणा, कातकरी माणसे उचल फिटलेली असो वा नसो, होळीपुरती गावाकडे वळतात. त्याच दिवशी पुण्यात दुबईहून परतलेल्या एका जोडप्याचा तपासणी अहवाल आला आणि महाराष्ट्रात कोरोनाची पहिली नोंद झाली. होळी करून पुन्हा कामावर गेलेल्यांना पंधरा दिवसांत हीच वाट पायी तुडवत परत यावे लागेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

डहाणू तालुक्यात रोग पोहोचायच्या आधी अफवा पोहोचली होती. कोंबडीतून कोरोना होतो, असे निरोप फेब्रुवारीपासून मोबाइलवर फिरत होते. पशुसंवर्धन खात्याने ते खोटे असल्याचे सांगितले, पण तोवर बाजार बसला होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डहाणूतल्या एका कुक्कुटपालकाने सुमारे पावणेदोन लाख पिल्ले आणि नऊ लाख अंडी नष्ट केली. नुकसान पावणेसहा कोटींच्या घरात होते. तेव्हा पालघर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एकही रुग्ण नव्हता. साथीच्या इतिहासात या प्रसंगाला एखादी ओळही कदाचित मिळणार नाही. मला मात्र पुढच्या महिनाभराची सगळी लक्षणे त्यात दिसतात. खोटी बातमी वाऱ्यासारखी पसरते, खरी मागून चालत येते, आणि मधल्या काळात ज्याचे नुकसान व्हायचे त्याचे होऊन जाते.

सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. 13 मार्चला महाराष्ट्राने 1897 चा साथरोग कायदा लागू केला. शाळा बंद झाल्या, आश्रमशाळांतली मुले पाड्यांवर परतली. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारायला सुरुवात झाली. पुढे किती दिवस घरात राहायचे, ती तारीख त्यावर असे. 18 मार्चला या शिक्क्याने पश्चिम रेल्वेवरची एक गाडी थांबवली. जर्मनीहून आलेले चार प्रवासी गरीबरथने सुरतेला निघाले होते. शेजारच्यांना त्यांच्या हातावरचे शिक्के दिसले, डब्यात गलका झाला आणि चौघांना पालघर स्थानकात उतरवण्यात आले. घरी राहायचा शिक्का मारला, पण घर शेकडो किलोमीटरवर असेल तर तिथवर जायचे कसे, हे त्या शिक्क्यात नव्हते. पुढच्या दोन आठवड्यांत हाच प्रश्न लाखो लोकांना पडला. त्यांच्या हातावर शिक्का नव्हता आणि खिशात तिकीटही नव्हते.

ज्या कायद्याने हे अधिकार दिले, तो मुंबईच्याच प्लेगमधून जन्मला. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग आढळला आणि 4 फेब्रुवारी 1897 ला हा कायदा आला. घरोघर झडत्या, रेल्वे प्रवाशांची तपासणी, माणसे उचलून इस्पितळात नेणे, सगळे त्याच्या जोरावर चालले. लोकांनी असल्या सक्तीला दोन प्रकारे उत्तर दिले. एक पुण्यात रँडच्या खुनाने, ते सर्वांना माहीत आहे. दुसरे त्याआधीचे, कायदाही व्हायच्या आधीचे. 29 ऑक्टोबर 1896 ला हजारभर गिरणी कामगार मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, त्याला मारतात, अशी बोलवा होती. माणसाला उलटे टांगून त्याच्या डोक्यातून मोमियाई काढतात, ही जुनी भीतीही त्या दिवसांत पुन्हा जागी झाली. गोऱ्या डॉक्टरांनी हा अडाणीपणा म्हणून सोडून दिला. पण माणूस दाराआड नेला जातो, आत काय होते ते घरच्यांना कुणी सांगत नाही आणि मग प्रेतच हाती येते, एवढे तर खरेच होते. उरलेली जागा भीतीने भरून काढली. सव्वाशे वर्षांनी, 2020 च्या एप्रिलमध्ये, गडचिंचल्याच्या जंगलात जमावाने तिघांना मारले, ते समजून घ्यायचे तर मला आर्थर रोडपासून सुरुवात करावी लागते.

आधी त्या भागाचा, सायवनचा, भूगोल सांगायला हवा. कासा सोडून उधव्याच्या दिशेने निघाले की सायवन लागते. आसपास डोंगर, साग, मोह आणि दूरदूर विखुरलेले पाडे. आजूबाजूच्या पाड्यांसाठी इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचा इलाज हवा तर कासा किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, आणि तिथेही न भागल्यास सिल्वासा, वापी किंवा मुंबई. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला दादरा-नगर हवेली. एरवी या सरहद्दी कागदावरच असतात. बाजार, सोयरीक, मजुरी, दवाखाना सगळे सरहद्दीच्या आरपार चालते. दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला आपण राज्य ओलांडतो, याचा विचार करावा लागत नाही. दादरा-नगर हवेलीचा कारभारही 26 जानेवारी 2020 पासून दमण-दीवशी जोडला गेला होता, म्हणजे पलीकडची व्यवस्था जेमतेम दोन महिन्यांची होती. 23 मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यात संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्याचे जाहीर केले. 24 च्या रात्री पंतप्रधानांनी देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी पुकारली. कागदावरची रेघ एका रात्रीत बांबूची आडवी काठी झाली.

मग महामार्ग चालू लागला. वाहने थांबली आणि माणसे निघाली. वसई, विरार, भिवंडी, ठाण्याकडून गुजरात-राजस्थानच्या दिशेने डोक्यावर गाठोडी घेऊन लोक तलासरीकडे चालत होते. गुजरातमधून इकडे येणारेही होते. नाक्यावर दोन्हीकडच्यांना परत फिरवले जाई. 28 मार्चच्या पहाटे विरारजवळ महामार्गावर एका टेम्पोने पायी चालणाऱ्यांना उडवले. चौघे गेले. ते गुजरातच्या सीमेवरून परत पाठवलेले मजूर होते. सीमा बंद करणाऱ्याचा हेतू रोग अडवण्याचा होता, यात शंका नाही. पण अडवलेला माणूस रात्री कुठे झोपेल, काय खाईल, परत जाईल तो कुठे, याची तजवीज आदेशाच्या मागून आली. आधी नाका, मग निवारा, असा क्रम लागला आणि त्या मधल्या दिवसांत माणसे मेली.

समुद्राचेही तेच झाले. डहाणू-तलासरीचे शेकडो तरुण वेरावळ, पोरबंदर, मांगरोळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. टाळेबंदीत मासेमारी थांबली, बंदरात राहायची सोय नव्हती, तेव्हा बोटी दक्षिणेकडे निघाल्या. एप्रिलच्या सुरुवातीला त्या उंबरगावजवळ नारगोलच्या किनाऱ्यासमोर येऊन ठाकल्या. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांनी उतरू द्यायला विरोध केला. त्यांचीही भीती खोटी नव्हती. गुजरातच्या खलाशांना तपासून उतरवण्यात आले, महाराष्ट्राचे मात्र पाण्यावरच राहिले. तलासरीचे झाई गाव तिथून नजरेच्या टप्प्यात म्हणावे इतके जवळ. एकाच बोटीवर महिनोन्‌महिने एकत्र जेवलेली, झोपलेली माणसे. त्यांच्यात विषाणू असता तर दोघांतही असता. पण आधारकार्डावरचा पत्ता पाहून त्यांची वाटणी झाली. डहाणूचे आमदार विनोद निकोले आणि त्यांच्या पक्षाने हा प्रश्न लावून धरला. पुढे परवानगी, तपासणी, विलगीकरण अशा फेऱ्यांतून खलाशी टप्प्याटप्प्याने घरी आले. साथीत माणूस कोणत्या राज्याचा, हे कुणी ठरवायचे, याचा निवाडा त्या किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे झाला, ही गोष्ट मला अजून खुपते.

'घरात राहा, सुरक्षित राहा' हा सरकारचा मुख्य संदेश होता. तो या भागात कसा ऐकला गेला असेल, याचा विचार करणारे कुणी होते का? नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरी या पट्ट्याला भूकंपाचे धक्के बसत होते. 1 फेब्रुवारी 2019 ला एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा 4.1 रिश्टरचा होता. घराबाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. तेव्हा प्रशासनानेच तंबू ठोकले आणि लोकांना बाहेर झोपायला सांगितले. शाळेतल्या मुलांना हादरा बसला की मैदानात धावायची सवय लावली. लोकांनी थंडीच्या रात्री अंगणात, शेतात काढल्या. वर्षभर ज्यांना सांगितले की जमीन हलली की घर सोडा, त्यांनाच आता सांगितले की घर सोडू नका. आणि जमीन काही हलायची थांबली नव्हती. भिंतीला तडा गेलेल्या कुडाच्या किंवा विटांच्या घरात, एका खोलीत सात-आठ जण, त्यात वीटभट्टीवरून नुकतेच परतलेले दोघे. अंतर ठेवायचे ते कुणी कुणापासून?

मुंबईच्या सदनिकेत बसून लिहिलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडत नव्हता. तरी लोकांनी तो आपल्या परीने पाळला, हे नोंदवायलाच हवे. पाड्यांनी रस्त्यांवर काटेरी फांद्या टाकल्या, लाकडाचे ओंडके आडवे केले, दगड रचले. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. चैत्री पौर्णिमेला सुरू होणारी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा त्या वर्षी भरली नाही. पंधरा दिवस चालणारी, डहाणू-जव्हार-तलासरीपासून गुजरातपर्यंतच्या आदिवासींची ही सर्वांत मोठी जत्रा. मिठापासून तांब्या-भांड्यांपर्यंत आणि सुक्या मासळीपासून कुडत्यापर्यंत वर्षाची खरेदी तिथे होते. ती बुडाली आणि कुणी तक्रार केली नाही. घोलवड-डहाणूचा चिकू झाडाखाली पडून राहिला. मोहाची फुले वेचणे तेवढे चालू होते, कारण त्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आशाताईंबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. पाड्यापाड्यांतून घरटी नोंद घेणे, ताप-खोकला विचारणे, बाहेरून आलेल्यांची यादी करून आरोग्य केंद्राला कळवणे, हे सारे त्यांच्या पायांवर उभे होते. केंद्राने त्यासाठी महिन्याला हजार रुपये जादा ठरवले. एप्रिलच्या उन्हात तोंडाला रुमाल बांधून, वही घेऊन एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाणारी ही बाई त्याच गावची सून असे, लोकांची बोली बोलत असे. म्हणून तिला दारात पाणी मिळे आणि खरे उत्तरही मिळे. कोरोनाविषयी वारली बोलीत, ओळखीच्या तोंडून, समोरासमोर सांगणारी अशी माणसे फार थोडी होती. बाकी जे यायचे ते मोबाइलमधून. मार्चपासून फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचे आणि मग हिंदीत सूचना ऐकू यायच्या. डोंगरात रेंज मिळवायला झाडावर नाहीतर टेकाडावर चढायचे, आणि चढून आधी तो खोकला ऐकायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पहारे सुरू झाले. रस्ते कोरोनासाठी बंद केले होते, पण पहाऱ्यावर बसलेल्या पोरांच्या मोबाइलवर दुसरेच काही येत होते. रात्री चोर फिरतात, मुले पळवतात, माणसाची किडनी काढून नेतात, वेगवेगळे वेष घेऊन येतात. कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या गावांत हे निरोप हातोहात पसरले. काम बंद, बाजार बंद, हातात पैसा नाही, रात्री झोप नाही, आणि पूर्वी कधी न पाहिलेल्या गाड्या आडरस्त्याने जाताना दिसू लागलेल्या. त्या गाड्या आडरस्त्याला का येत होत्या, याचे कारण साधे होते. महामार्गावर नाके होते, म्हणून ज्यांना जायचेच होते ते महामार्गावरचे चारोटी टाळून कासा, सायवन, दाभाडीकडच्या आतल्या वाटांनी जात होते. बंद रस्त्यांनी अनोळखी माणसे पाड्यांच्या दारात आणून सोडली, आणि अनोळखी माणसाविषयीची भीती आधीच येऊन बसली होती.

14 एप्रिलला सारणीत ठाण्याहून मदतकार्यासाठी आलेल्या एका डॉक्टरांची गाडी जमावाने अडवून फोडली. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. डॉक्टर बचावले. ते स्वतः आदिवासींसाठी काम करणारे म्हणून ओळखले जातात. त्यांच्यावर हात उचलला गेला, तेव्हाच समजायला हवे होते की पाणी कुठवर आले आहे. मध्ये दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत पोलीस पाटील, सरपंच, आशा, शिक्षक, भगत यांना घेऊन पाडा न्‌ पाडा पिंजून काढायला हवा होता. जे काही सांगितले गेले असेल ते पुरले नाही, एवढे 16 एप्रिलच्या रात्री दिसून आले.

त्या रात्री कांदिवलीहून दोन साधू, सत्तर वर्षांचे कल्पवृक्षगिरी महाराज आणि पस्तिशीतले सुशीलगिरी महाराज, आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेला निघाले होते. तीस वर्षांचा नीलेश तेलगडे गाडी चालवत होता. आतल्या रस्त्याने ते दादरा-नगर हवेलीच्या सीमेपर्यंत आले आणि तिथून त्यांना परत फिरवण्यात आले. परतताना गडचिंचले इथे वनखात्याच्या नाक्यावर गाडी अडवली गेली. बघता बघता जमाव जमला. गावच्या महिला सरपंचांनी लोकांना आवरायचा प्रयत्न केला, तो चालला नाही. पोलीस आले, तिघांना बाहेर काढून गाडीत बसवू लागले, आणि पोलिसांच्या देखत तिघांना ठार मारण्यात आले. घाबरलेल्या वृद्ध साधूने पोलिसाचा हात धरल्याचे चित्रण देशाने पाहिले. ते पाहून ज्याच्या पोटात कालवले नाही, असा माणूस विरळा.

तीन दिवस ही बातमी जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाही. चित्रण पसरल्यावर मात्र दुसरी अफवा उठली. मारणारे अमुक धर्माचे होते, असे दिल्ली-मुंबईच्या पडद्यांवर बोलले जाऊ लागले. गृहमंत्री अनिल देशमुख यांनी 22 एप्रिलला अटक झालेल्या 101 जणांची यादीच जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. याखेरीज नऊ अल्पवयीन मुले ताब्यात घेतली होती. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, काही पोलीस निलंबित झाले, पुढे जिल्हा पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. जुलैत दाखल झालेल्या आरोपपत्रात हत्येमागे अफवा असल्याचे म्हटले होते. गडचिंचले आणि आसपासच्या पाड्यांतले पुरुष अटकेच्या भीतीने रानात पळाले होते. कित्येक घरांत बाया, म्हातारे आणि पोरे तेवढी उरली. मेच्या आरंभी कोठडीतल्या एका आरोपीला कोरोना झाल्याचे निघाले. म्हणजे ज्या रोगाला अडवण्यासाठी गावाने वाट बंद केली होती, तो शेवटी पोलीस कोठडीत भेटला.

किडनीची भीती आणि मोमियाईची भीती यांत मला अंतर दिसत नाही. दोन्हीत बाहेरचा माणूस येतो, अंगातले काहीतरी काढून नेतो. ज्यांच्या जमिनी सावकाराने नेल्या, रान वनखात्याने नेले, अंगमेहनत उचलीच्या हिशोबात गेली, त्यांना ही गोष्ट अशक्य वाटत नाही. याने तीन जीव घेतल्याचे पातक हलके होत नाही. जमावातल्या प्रत्येकाला हात होता आणि तो त्याने उचलला. पण नुसते 'अडाणी' म्हणून मोकळे होणे म्हणजे आर्थर रोडच्या गोऱ्या डॉक्टरांच्या पंगतीला बसणे आहे.

याच पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी साथीच्या भीतीला एक वेगळे वळण मिळाले होते. 1922 च्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवीची साथ होती. देवी कोपली म्हणून बाया जमत, त्यांच्या अंगात येई आणि देवी तिच्या आज्ञा सांगे. दारू-ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज आंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा. ही देवी किनाऱ्यावरून डोंगरातल्या आदिवासींत चढली, जव्हार, धरमपूर, डांग असा प्रवास करत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोहोचली. सलाबाई हे तिचे नाव. वाटेत तिच्या आज्ञा वाढत गेल्या. दारूच्या पारशी ठेकेदारांकडे आणि जमीनदारांकडे कामाला जाऊ नका, असे ती सांगू लागली, पुढे गांधींचे नाव आणि खादीही तिच्या तोंडी आली. सरकारला काळजी पडली ती अबकारी उत्पन्नाची. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खे पुस्तक लिहिले आहे. तिथे ना तार होती, ना छापील पत्रक. निरोप एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर माणसांच्या तोंडून गेला आणि लाखो लोकांनी तो पाळला, कारण सांगणारी आपली होती, बोली आपली होती आणि आज्ञा पाळणे आपल्या हातात होते. 2020 च्या एप्रिलमध्ये त्याच डोंगरांतून असाच तोंडोतोंडी निरोप गेला, तो किडनीचा होता. शहाणा निरोप त्या वाटेला घालण्याची तसदी कुणी घेतली नाही.

सरकारच्या बाजूने जे चांगले झाले तेही सांगतो. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो तांदूळ मोफत देण्याची केंद्राची योजना एप्रिलपासून लागू झाली. शिवभोजन थाळी दहाऐवजी पाच रुपयांना झाली. सुरुवातीला घशातला स्राव तपासायला मुंबईला न्यावा लागे आणि अहवाल येईतो माणूस अधांतरी राही. पुढे डहाणूतच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या केंद्रात तपासणी होऊ लागली. विक्रमगडच्या हातणे इथे कोविड रुग्णालय उभे राहिले.

खावटीचे मात्र तसे झाले नाही. पेरणी ते कापणी या महिन्यांत आदिवासींच्या कणग्या रिकाम्या असतात. त्या दिवसांत धान्य आणि रोकड देऊन सावकाराचे दार टाळावे, यासाठीची ही जुनी योजना. टाळेबंदीने आधीचीच कमाई बुडवली होती, तेव्हा 2020 चा पावसाळा नेहमीपेक्षा कठीण जाणार, हे एप्रिलमध्येच दिसत होते. राज्य सरकारने योजना पुन्हा सुरू केली. कुटुंबामागे 4,000 रुपये, त्यातले निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. शासन निर्णय निघाला 9 सप्टेंबरला, भात निसवायला लागल्यावर. वस्तूंचे वाटप बऱ्याच ठिकाणी 2021 उजाडल्यावर झाले.